मीठ, गोडं तेल आणि एक शब्द

बाजारातून परत आले की पिशवी कोपऱ्यात टाकून मी पदराने घाम पुसत असे आणि तेवढ्यात ओटीवरून प्रश्न येई, “आज काय आणलंस?” हा प्रश्न मिठाबद्दल नव्हता, गोड्या तेलाबद्दलही नव्हता. इंग्रजी शब्दाबद्दल होता. घरातून जो कोणी बाहेर जाईल त्याने येताना एक तरी अवघड इंग्रजी शब्द घेऊन यायचं, असा आमच्या मास्तरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नियम होता. घरातून बाहेर जाणारी मी एकटी. ते शाळेत जात तेही बाहेर जाणंच की, पण शाळेत मराठीशिवाय काही दिसत नाही म्हणून त्यांना सूट होती. ही सूट त्यांची त्यांनीच घेतली होती.

मी चौथी शिकलेली बाई. इंग्रज गेला त्याच वर्षी माझं लग्न झालं. तो गेला आणि त्याची भाषा माझ्या मागे लागली. आम्ही दोघंही म्हसळ्याकडची, भातशेती करणाऱ्या घरांतली. मास्तर त्यांच्या घराण्यात पहिले मराठी फायनल पास झालेले. त्यांची नेमणूक श्रीवर्धनच्या पलीकडे समुद्रालगतच्या एका गावात झाली. गाव बहुतेक कोळ्यांचं. शाळा चौथीपर्यंत होती, ती पुढे सातवीपर्यंत झाली. तोवर सरकारने खालच्या वर्गांतलं इंग्रजी काढून टाकलं होतं. आमच्या गावची पोरं सातवी होऊन श्रीवर्धनच्या हायस्कुलात जात आणि आठवीत इंग्रजीच्या तासाला नुसती खाली मान घालून बसत. मास्तरांना ते फार लागायचं. त्यांना स्वतःला मॅट्रिक व्हायचं होतं. बाहेरून परीक्षेला बसले आणि इंग्रजीत आपटले. पुन्हा बसले, पुन्हा आपटले. त्यानंतर परीक्षेचं नाव काढलं नाही, पण इंग्रजी शब्द गोळा करण्याचा नाद मात्र लागला तो लागलाच.

नाद त्यांचा आणि पायपीट माझी. पहाटे उठून पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, मुलीचं आवरायचं, शिक्षणखात्याचा माणूस आला की त्याचं जेवण करायचं, बाजाराच्या दिवशी श्रीवर्धनपर्यंत चालत जायचं. आणि तिथे बाकीच्या बायका बांगड्या बघत असताना मी डबे-खोक्यांवरची अक्षरं लावत उभी. एबीसीडी त्यांनीच शिकवली होती, चुलीपुढे, कोळशाने जमिनीवर काढून. दुकानदाराला वाटायचं ही बाई माल जुना आहे की काय ते तपासतेय. तो चिडायचा. मीही मनातून चिडलेलीच असायची. मिठाची पिशवी डोक्यावर असताना इंग्रजी स्पेलिंग पाठ करत तंगडतोड करणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

तरी शब्द आणले. रॉकेलच्या डब्यावरून ‘इन्फ्लमेबल’ आणला. बंदरावर मुंबईला जाणाऱ्या मासळीच्या खोक्यांवर खडूने लिहिलेला ‘पेरिशेबल’ आणला. लवकर नासणारं ते पेरिशेबल, हे कळल्यावर तो शब्द मला आवडला, कारण तो घरात उपयोगी पडायचा. मास्तर वाचत बसले आणि जेवायला उठले नाहीत की मी आतून ओरडायची, आमटी पेरिशेबल आहे. ते हसत उठून यायचे. आमच्या संसारात चैन म्हणावी अशी एवढीच.

त्यांच्याजवळ एक डिक्शनरी होती. कस्टमच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने जाताना देऊन टाकलेली. तिची पुढची पानं वाळवीने खाल्लेली होती. ए आणि बी पार गेले होते, सीचाही बराचसा भाग गेला होता. त्यामुळे या तीन अक्षरांचे शब्द मी आणले की त्यांची पंचाईत व्हायची. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. शब्द एका ठिकाणी दिसला तर घाई करायची नाही, दुसऱ्या ठिकाणी दिसेपर्यंत थांबायचं, मग दोन्ही जागा शेजारी ठेवून अर्थ लावायचा. ‘कन्डेम्ड’ हा शब्द कस्टमच्या पडक्या बंगल्याच्या भिंतीवर रंगवलेला होता. तो मी आणला आणि अर्थाविना कितीतरी दिवस तसाच पडून राहिला. पुढे तपासणीचे साहेब येऊन शाळेच्या मोडक्या बाकांवर तीच अक्षरं रंगवून गेले, तेव्हा उलगडा झाला की कामातून गेलेलं ते कन्डेम्ड. मास्तर खूश. मला मात्र त्यानंतर आठवलं की आमची शेजारीण फुटक्या होडीला कायम ‘कंडम झाली’ म्हणते. एवढे दिवस आम्ही ज्याच्या मागे होतो तो शब्द कुंपणापलीकडेच होता. मी हे सांगितलं तेव्हा मास्तर आधी हिरमुसले आणि नंतर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. नवे पैसे आले, महाराष्ट्र राज्य झालं, मुलगी मोठी झाली, आणि मास्तरांच्या पायांवर सूज यायला लागली.

आधी सकाळी डोळ्यांखाली यायची, दुपारपर्यंत उतरायची. मग संध्याकाळी पायांवर यायला लागली. मग उतरेचना. चप्पल चढेना म्हणून ते अनवाणी शाळेत जायला लागले. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मुंबईला न्या म्हणाले, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, इथे माझ्या हातात काही नाही. मुलीला म्हसळ्याला आईकडे पोचवलं आणि आम्ही बोटीने मुंबईला गेलो. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना खाट मिळाली. मी परळला चुलत दिराच्या खोलीत राहायची, तिथून सकाळ-संध्याकाळ चालत दवाखान्यात. दिराच्या खोलीत आधीच माणसं मावत नव्हती. मी दाराशी मुटकुळं करून पडायची. कोणी वाईट वागलं नाही, पण आपण नको आहोत हे पाठीला कळतं.

दवाखान्यात मास्तर पहिले काही दिवस जवळजवळ आनंदात होते. एवढे इंग्रजी शब्द त्यांनी एका जागी कधी पाहिलेच नव्हते. जिथे तिथे पाट्या. आल्या दिवशीच दारावर ‘कॅज्युअल्टी’ अशी पाटी होती. सीची पानं वाळवीच्या पोटात, तेव्हा मास्तरांनी डोकं चालवलं. कॅज्युअल लीव्ह म्हणजे किरकोळ रजा, हे कुठल्याही शिक्षकाला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. म्हणून कॅज्युअल्टी म्हणजे किरकोळ दुखण्यांची खोली, असं त्यांनी मला समजावून दिलं. तेवढ्यात चौघांनी एका माणसाला उचलून त्याच दारातून आत नेलं. त्याचा पाय गुडघ्यापासून नुसता लोंबत होता. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या सुजलेल्या तोंडाने त्यांना हसू आवरेना.

पुढे त्यांना उठवेना, म्हणून पाट्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी आले की तोच प्रश्न, आज काय आणलंस. मी ‘स्टरलाइज’ आणलं, ‘एमर्जन्सी’ आणलं. दमून भागून आलेल्या माणसाला हे विचारणं बरं नव्हे, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. पण ते शब्दावर बोलायला लागले की तेवढा वेळ त्यांची धाप विसरायला होई, म्हणून आणत राहिले.

एके सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचं टोळकं घेऊन आले. मास्तरांना पाहून ते व्हरांड्यात गेले. मी तिथेच भिंतीशी उभी होते. नऊवारीतल्या बाईपुढे आवाज हळू करायची त्यांना गरज वाटली नाही. मोठे डॉक्टर इंग्रजीत बरंच बोलले. मला त्यातले दोनच शब्द पकडता आले, कारण ते त्यांनी सावकाश, पोरांना लिहून घेता यावं म्हणून उच्चारले. ते मी मनाशी घोकत आत गेले. बाजारातून आणायची तसेच. मला त्या दिवशी शब्द शोधत फिरावं लागलं नाही याचंच बरं वाटत होतं.

मास्तरांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, आज ‘गार्डेड’.

त्यांनी कुठे लिहिलंय विचारलं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही, मोठे डॉक्टर बोलले. कशाबद्दल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्याबद्दलच असणार, तुमच्या खाटेपासूनच गेले ना. त्याच्या आधी आणखी एक शब्द होता, ‘परोग्नोसिस’ की कायसा. ते काही वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं अर्थ आठवतायत. मग माझ्याकडे वळून हसले.

“सोपा आहे की. आगगाडीचा गार्ड असतो ना, तो राखण करतो. गार्डेड म्हणजे राखलेलं, पहाऱ्यात ठेवलेलं. दुखणं आटोक्यात आहे.”

माझ्या जिवात जीव आला. मुंबईत आल्यापासून त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. दिराला सांगितलं, जावेला सांगितलं, दुखणं आटोक्यात आहे, डॉक्टर स्वतः बोलले. डॉक्टर मला मराठीत म्हणाले होते की आणखी महिना-दीड महिना ठेवून पाहू. तेवढ्यात पाऊस लागणार आणि बोटी बंद होणार, हे मला ठाऊक होतं. बोटी बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत घर लांबच. एसटीच्या रस्त्याने, खाड्या ओलांडत आणि हादरे खात, त्या सुजलेल्या माणसाला नेणं शक्यच नव्हतं. पण दुखणं आटोक्यात असेल तर पावसाळा मुंबईत काढायला काय हरकत? राहू म्हटलं. दाराशी पडायचंय ना, पडू. मास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, तुला बरं वाटत असेल तर राहू.

त्यानंतर त्यांनी मला शब्द मागितला नाही. मला वाटलं, दमले असतील. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

शेजारच्या खाटेवर गिरणीतला एक म्हातारा होता. त्याचा मुलगा माझ्यासारखाच रोज येऊन बसायचा. चार-सहा दिवसांनी मोठे डॉक्टर त्या म्हाताऱ्याच्या खाटेशी थांबले आणि शिकाऊ पोरांना तेच दोन शब्द म्हणाले. तस्सेच, सावकाश. मी कान टवकारले. म्हटलं, चला, याचंही दुखणं आटोक्यात आलं. एवढ्यात डॉक्टर त्या मुलाकडे वळले आणि मराठीत त्याला म्हणाले, “आम्हाला काही खात्री देता येत नाही. गावाकडच्या माणसांना बोलावून घ्या.”

मी तिथून उठले. कुठे चालले ते कळत नव्हतं. जिन्याच्या पायऱ्यांवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. येणारे-जाणारे बाजूने जात होते. तिथे जिन्यात रडणारी बाई काही नवलाची नव्हती.

आधी मला राग आला. भयंकर राग आला. जन्मभर ह्या माणसाने मला अर्थ सांगितले. मी चुकले तर ते हसले, स्वतः चुकले तर स्वतःला हसले, पण जाणूनबुजून खोटा अर्थ कधी सांगितला नव्हता. आणि सांगितला तो नेमका हा, डिक्शनरीतली जीची पानं तर धड होती. मी त्यांना त्यांचं मरण मिठा-तेलासारखं हातात नेऊन दिलं आणि त्यांनी ते ठेवून घेऊन मला वर हसून दाखवलं. मग राग ओसरला आणि दुसरंच डोक्यात आलं. बोटी अजून चालू होत्या. थोडेच दिवस चालणार होत्या. त्यांना घरी जायचं असेल का, मुलीला बघायचं असेल का, हे मी विचारलंच नव्हतं. मला आशा होती म्हणून ते बिचारे माझ्या आशेखातर तिथे पडून होते.

मी तोंड धुऊन आत गेले. म्हटलं, मला इथे करमत नाही. दिराच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. पोर तिकडे एकटी आहे. बोटी बंद व्हायच्या आत घरी जाऊ या. एरवी साध्या गोष्टीला कारणं विचारणारा माणूस, पण त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाले.

डॉक्टर रागावले. तुमच्या जबाबदारीवर नेताय, म्हणाले, आणि एका कागदावर माझी सही घेतली. कागद इंग्रजीत होता. मी तो वाचायचा प्रयत्न केला नाही. आता मला एकही नवा शब्द नको होता.

बोटीवर दिराने डेकवर वळकटी पसरून दिली. त्यांना आडवं केलं आणि वाऱ्याच्या बाजूला मी बसून राहिले. समुद्र खवळायला लागला होता. आजूबाजूला सगळ्यांना बोट लागलेली, माणसं ओकत होती. मास्तर शांत पडून किनाऱ्याकडे बघत होते. श्रीवर्धनला बोट लांब उभी राहते आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर नेतात. एवढ्या उसळत्या पाण्यात या माणसाला पडावात कसं उतरवायचं, याचीच मला धास्ती होती. पण पडाव आला त्यात आमच्याच गावचे दोघं होते, मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. त्यातल्या एकाने त्यांना पाठुंगळीच घेतलं. “गुरुजी, हात घट्ट धरा. आमी हाव ना,” म्हणाला. मास्तरांच्या डोळ्यांत मी मुंबईत पाणी पाहिलं नव्हतं. तिथे पाहिलं.

ते पुरता आषाढही राहिले नाहीत.

मुलगी आली होती. ती त्यांच्याजवळ बसून वाचून दाखवायची. गावातली माणसं पावसातून येऊन ओटीवर बसून जायची. आमच्या दोघांत मात्र एक अवघडलेपण होतं. मला ठाऊक होतं हे त्यांना ठाऊक असावं असं मला वाटायचं, पण विचारायचं कसं? मी आपली पेज भरवायची, पाय चेपायची, सुजलेल्या पायात बोट रुतलं की खळगा तसाच राही, तो दिसू नये म्हणून पांघरूण ओढून घ्यायची.

एक दिवस दुपारी मुलगी शेजारी गेली होती. पाऊस थांबला होता. मी पेजेची वाटी घेऊन बसले तर त्यांनी हाताने ती बाजूला सारली.

“त्या दिवशी तुला गार्डेडचा अर्थ सांगितला ना,” ते म्हणाले, “तो खोटा होता.”

“ठावं हाय मला.”

“कधीपासून?”

“तिथंच कळला. बाजूच्या म्हाताऱ्याला पन डॉक्टर तेच बोलला.”

त्यांना धाप लागत होती.

“मग बोलली न्हाईस ती?”

मास्तरांच्या तोंडी घरची बोली मी कितीतरी वर्षांनी ऐकली. मास्तर झाल्यापासून ते घरातही पुस्तकातलं बोलायचे.

“तुमी हसून सांगितलात,” मी म्हटलं. “मंग कसं बोलू?”

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानापर्यंत गेलं. पुसायला त्यांचा हात वर होईना, म्हणून मी पदराने पुसलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

“समदं तुझ्या एकटीवर पडलं गं. दमलीस ना?”

मला हे कोणी विचारलं की मी दमायला काय झालं म्हणत असे. बायका असंच म्हणतात. आईनेही तेच म्हटलेलं मी ऐकलं होतं. तसंच म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“व्हय,” मी म्हटलं. “दमले.”

ते भिंतीकडे सरकायला लागले. सरकता येत नव्हतं, कण्हत होते, तरी सरकले आणि अंथरुणावर हातभर जागा केली. म्हणाले, पड जरा. भर दुपार होती, दार सताड उघडं होतं, ओटीवर कोणीही आलं असतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी दिवसाढवळ्या नवऱ्याच्या शेजारी आडवी झाले नव्हते. पेजेची वाटी तशीच ठेवली, त्यांच्याजवळ आडवी झाले, आणि मला झोप लागली.